आकाश देवाचा महिमा वर्णिते, मग गांधीलमाशी काय वर्णिते?

शोधयात्री (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. एक प्रश्न बराच काळ मनात आहे. तो मी विश्वास सोडून नव्हे, तर विश्वासात राहूनच विचारत आहे, हे आधी नमूद करतो.

देव सृष्टीतून प्रकट होतो, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. एकोणिसाव्या स्तोत्राची पहिली ओळ तेच सांगते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल तर त्याही पुढे जातो. देवाचे सनातन सामर्थ्य व देवपण निर्माण केलेल्या वस्तूंवरून स्पष्ट दिसते, म्हणून मनुष्याजवळ सबब उरलेली नाही, असे तो म्हणतो. पण हा विषय उपदेशात निघाला की उदाहरणे ठरलेली असतात: सूर्योदय, हिमशिखरे, फुलपाखराचे पंख, तान्ह्या बाळाची बोटे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा तिथली चर्चे उपासकांनी भरलेली होती. भूकंपामागून समुद्राच्या लाटा आल्या आणि त्यानंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. तोही निसर्गच होता. इक्न्युमन कुळातील गांधीलमाशी जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खात वाढतात. दयाळू व सर्वसमर्थ देवाने असा जीव हेतुपुरस्सर निर्माण केला असेल हे आपल्या मनाला पटत नाही, असे डार्विनने १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पत्रातून कळवले होते. हा आक्षेप नुसता टाळून चालेल असे मला वाटत नाही.

म्हणून विचारतो: केवळ निसर्गावरून देवाविषयी नेमके किती कळू शकते? आणि जे कळते ते फक्त सुंदर गोष्टींवरून कळते की भयंकर गोष्टींवरूनही? सुंदर ते सारे देवाची साक्ष आणि भयंकर ते सारे आदामाच्या पापामुळे झालेल्या पतनाचा परिणाम, अशी वाटणी मला फार सोयीची वाटते.

---

मोहरीचा दाणा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, पुष्कळसे स्पष्ट आहे, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो. दुसरा अवघड आहे. तो माझ्यापेक्षा अधिक जाणत्या कोणी घ्यावा.

रोमकरांस पत्राच्या त्या वचनात पौल दोनच गोष्टींची नावे घेतो, सामर्थ्य आणि देवपण. प्रीती, क्षमा, पापांचे क्षालन किंवा देवाचे त्र्येकत्व आकाशाकडे पाहून कळते, असे तो कुठेही म्हणत नाही. धर्मशास्त्रात ज्याला सामान्य प्रकटीकरण म्हणतात ते सर्व मनुष्यांना सर्व काळी दिलेले आहे, पण त्याचा आशय मर्यादित आहे: ही सृष्टी आपली आपण झालेली नाही, तिचा कर्ता तिच्याहून मोठा आहे आणि आपण त्याचे ऋणी आहोत. ऋणाचा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण पुढच्याच वचनात पौलाची तक्रार अशी नाही की लोकांना देव कळला नाही. तक्रार अशी आहे की कळूनही त्यांनी त्याचा देव म्हणून गौरव केला नाही आणि त्याचे आभार मानले नाहीत. दोष डोळ्यांपेक्षा इच्छेचा अधिक आहे, असे त्याचे निदान आहे.

ही साक्ष एकटी पडली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात आहे. लुस्त्र गावात पौलाने एका पांगळ्याला बरे केल्यावर लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मेस या ग्रीक देवता ठरवले आणि यज्ञासाठी बैल आणले. तेव्हा पौल व बर्णबा यांनी त्यांना शास्त्रवचने ऐकवली नाहीत, कारण त्या लोकांना ती ठाऊक नव्हती. ज्याने आकाश, पृथ्वी व समुद्र उत्पन्न केले त्याने आकाशापासून पाऊस व फलदायी ऋतू देऊन आणि तुमची मने अन्नाने व हर्षाने तृप्त करून स्वतःला साक्षीविना राहू दिलेले नाही, एवढेच ते बोलले. परिणाम काय झाला? मोठ्या मुश्किलीने यज्ञ थांबला. आणि थोड्याच अवधीत, अंत्युखिया व इकुन्या येथून आलेल्यांनी चिथवल्यावर, त्याच जमावाने पौलाला दगडमार केला. पावसाची साक्ष खरी होती. तो पाऊस त्या लोकांच्या डोक्यावर शतकानुशतके पडत आला होता, पण तेवढ्याने त्यांचा झ्यूस सुटला नव्हता.

अथेनै येथील भाषणातही हाच क्रम दिसतो. मनुष्यांनी देवाचा शोध करावा, चाचपडत का होईना त्याला प्राप्त करून घ्यावे, यासाठी देवाने जग असे रचले, असे पौल म्हणतो आणि ग्रीक कवींच्याच ओळीचा आधार घेतो. पण तो तिथे थांबत नाही, मेलेल्यांतून उठवलेल्या एका पुरुषापर्यंत जातो, आणि नेमके तिथेच श्रोत्यांपैकी काही जण थट्टा करू लागतात. निसर्गाविषयी बोलत होता तोवर कोणाची हरकत नव्हती. आजही अनुभव वेगळा नाही.

एकोणिसावे स्तोत्र सहाव्या वचनाच्या पुढे वाचले जात नाही, याची मला नेहमी खंत वाटते. आरंभी आकाश आणि सूर्य आहेत, सातव्या वचनापासून परमेश्वराचे नियमशास्त्र आहे आणि शेवटी स्तोत्रकर्ता स्वतःच्या गुप्त दोषांपासून मुक्त होण्याची प्रार्थना करतो. आकाशाकडे पाहणारा मनुष्य अखेरीस स्वतःच्या पापाशी येऊन पोहोचतो, आणि आकाशाने त्याला तिथवर आणलेले नाही. वचनाने आणले आहे.

या बाबतीत मंडळीच्या इतिहासात दिसतो त्याहून अधिक एकोपा आहे. १५६१ सालचे प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे बेल्जिक विश्वासनिवेदन सृष्टीला सुंदर ग्रंथ म्हणते आणि लगेच पुढे सांगते की देव आपल्या पवित्र वचनातून स्वतःला अधिक स्पष्टपणे प्रकट करतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनने शास्त्राला चष्म्याची उपमा दिली: अंधुक नजरेच्या माणसासमोर ग्रंथ उघडा असला तरी चष्म्याशिवाय त्याला दोन शब्दही लावता येत नाहीत. रोमन कॅथलिक मंडळीच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली, निर्माण केलेल्या वस्तूंवरून देवाचे अस्तित्व मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशाने निश्चितपणे जाणता येते, असे ठरवले. हे विधान कॅल्विनपेक्षा बुद्धीवर अधिक भरवसा टाकते खरे, पण तारणासाठी तेवढे ज्ञान पुरेसे आहे, असे त्या परिषदेनेही म्हटलेले नाही.

---

सूक्ष्मदर्शी

मी जीवशास्त्र शिकवते आणि विश्वासणारीही आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी मला नेहमीच विचारणा होते.

निसर्गातून देव दाखवण्याची एक विशिष्ट पद्धत १८०२ साली विल्यम पॅली यांच्या ग्रंथाने रूढ केली. माळावर घड्याळ सापडले तर त्याचा कोणी कर्ता असलाच पाहिजे, तसेच डोळ्याचे, तसेच पंखांचे, असा तो युक्तिवाद. तरुणपणी केंब्रिजमध्ये असताना डार्विनला तो फार आवडला होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. या पद्धतीचा दोष असा की ती देवाला नेमके तिथे उभे करते जिथे आपल्याला कारण ठाऊक नसते. कारण सापडले की देवाला तिथून हलावे लागते. १८५९ साली डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ आल्यावर पुष्कळांची श्रद्धा डळमळली ती विज्ञानाने देव नाकारला म्हणून नव्हे, तर त्यांनी देवाला अज्ञानाच्या फटीत बसवला होता म्हणून, असे माझे मत आहे. त्याच काळात आसा ग्रे मात्र उत्क्रांतीही मानत होते आणि ख्रिस्तावरील विश्वासही सोडत नव्हते. डार्विनने आपली शंका त्यांच्यापाशीच मोकळी केली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा मार्ग याच्या उलट होता. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते, पण नेमणूक मिळाली गणिताच्या शिक्षकाची. १५९५ साली त्याने आपल्या गुरूंना लिहिले की आता खगोलशास्त्रातूनही देवाचा गौरव होत असल्याचे आपल्याला दिसते आहे. ग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात हा त्याचा नियम १६०९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुठेही रिकामी जागा ठेवून तिथे देव घातलेला नाही. नियम आहे, तो अचूक आहे, आणि मनुष्याच्या बुद्धीला तो उमगतो, याच गोष्टीत केप्लरला निर्माणकर्ता दिसला. मला हा पाया अधिक टिकाऊ वाटतो, कारण ज्ञान वाढले म्हणून तो खचत नाही.

जाता जाता एक विनंती. लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचा आकार क्रुसासारखा आहे, म्हणून देवाने आपल्या पेशींवर स्वतःची सही केली आहे, असे संदेश कृपया पुढे पाठवू नयेत. पाठ्यपुस्तकातली ती आकृती सुटसुटीत केलेली असते. प्रत्यक्षात त्या रेणूचे हात लवचीक असतात आणि कसेही वळलेले दिसतात. अशा पुराव्यावर उभा केलेला विश्वास विद्यार्थी पहिल्याच वर्षी गमावून बसतो, आणि मग त्याच्याशी रोमकरांस पत्राविषयी बोलणेही कठीण होते.

---

देवदार

मला या चर्चेची दिशाच धोक्याची वाटते, आणि मोहरीचा दाणा यांनी एकोप्याचे जे चित्र रंगवले आहे ते अपुरे आहे.

१९३४ साली स्विस धर्मशास्त्रज्ञ एमिल ब्रुनर यांनी निसर्ग आणि कृपा यांच्यात एक दुवा आहे असे मांडले, तेव्हा दुसरे स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी प्रत्युत्तराला शीर्षकच ‘नाही!’ असे दिले. हा विद्वानांमधला कोरडा वाद नव्हता. जर्मनीतील मंडळीचा एक मोठा गट तेव्हा वंश, भूमी आणि राष्ट्र यांतही देवाचे प्रकटीकरण पाहू लागला होता, आणि त्या प्रकटीकरणाला हिटलरच्या राजवटीचे रूप आले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या गटाला विरोध करणाऱ्या मंडळ्यांच्या बार्मेन येथील घोषणेने पहिल्याच कलमात सांगितले की येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन आहे, आणि त्याच्या जोडीला इतर घटना, सत्ता, व्यक्ती किंवा सत्ये यांना प्रकटीकरण म्हणून मानता येणार नाही. तिचा मसुदा मुख्यत्वे बार्थ यांचाच होता. निसर्गाचे दार एकदा उघडले की त्यातून काय आत येईल यावर आपला ताबा राहत नाही, हा धडा फार महागात शिकला गेला आहे.

आणि खुद्द निसर्ग काय शिकवतो? बलवान टिकतो, दुर्बळ मरतो. जो नुसता निसर्ग वाचून देव ठरवील त्याला क्रुसावर दुर्बळ होऊन मरणारा देव कधीही सुचणार नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र व तारे पाहून त्यांना नमन करण्याचा मोह होऊ देऊ नका, अशी ताकीद आहे, ती उगाच नाही. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता.

---

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवदार यांची भीती मला समजते, पण ती पूर्ण मान्य केली तर एकोणिसाव्या स्तोत्राचा पूर्वार्ध आणि रोमकरांस पत्रातील ते वचन यांचे करायचे काय, हे मला उमगत नाही. होरेबावर वाऱ्यात परमेश्वर नव्हता, पण एकोणतिसाव्या स्तोत्रात त्याचीच वाणी गंधसरू मोडते. शिवाय माझा दुसरा प्रश्न, गांधीलमाशीचा आणि लिस्बनचा, अजून तसाच आहे.

---

राखेत बसलेला

दुसऱ्या प्रश्नावर शास्त्रातले सर्वांत दीर्घ उत्तर, निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे, आणि ते अपेक्षेपेक्षा फार निराळे आहे.

निसर्गावरून देवाविषयी उपदेश करणारे त्या पुस्तकात आधी कोण भेटतात? ईयोबाचे मित्र. दलदलीवाचून लव्हाळा वाढतो काय, असे बिल्दद विचारतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो की देवाला विसरणाऱ्याची गत पाण्याविना सुकलेल्या लव्हाळ्यासारखी होते. म्हणजे ईयोब सुकला आहे, त्याअर्थी तो देवाला विसरला असणार. निरीक्षण अचूक आहे, उपमा सुरेख आहे आणि निष्कर्ष क्रूर आहे. पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर एलीफजाला स्पष्ट सांगतो की तू व तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. लिस्बनच्या भूकंपानंतर ज्या उपदेशकांनी ती त्या शहराच्या पापाची शिक्षा ठरवली, ते बिल्ददाचेच वारस होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले तेव्हा ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभू येशूने त्या तर्काला स्वतःच नकार दिला आहे. ज्यांना निसर्गातून तात्पर्य काढण्याची घाई असते, त्यांनी या दोन्ही ठिकाणांवरून एकदा नजर फिरवावी.

मग अडतिसाव्या अध्यायापासून परमेश्वर स्वतः बोलतो, वावटळीतून बोलतो, आणि तोही निसर्गाविषयीच बोलतो. मात्र त्याची यादी पाहावी. जिथे मनुष्य राहत नाही अशा ओसाड भूमीवर पडणारा पाऊस. सिंहिणीची शिकार. भुकेने व्याकूळ होऊन आक्रोश करणारी कावळ्याची पिल्ले. नगराच्या गजबजाटाला हसणारे रानगाढव. जमिनीवर अंडी टाकून जाणारी आणि ती कोणाच्या तरी पायाखाली चिरडतील याचे भान नसलेली शहामृगी. तिला आपण शहाणपण दिलेले नाही, हे देव लपवतही नाही. आणि गरुड, ज्याची पिल्ले रक्त पितात आणि जिथे वधलेले पडले असतील तिथे तो असतो. यांतले एकही उदाहरण आपण शुभेच्छापत्रावर छापले नसते. सौम्य व भयंकर अशी वाटणी देव इथे करत नाही. ती आपण केलेली आहे. एकशे चौथ्या स्तोत्रातही तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपले अन्न मागतात. स्तोत्रकर्त्याला त्यात काही अवघडल्यासारखे वाटत नाही.

या अध्यायांतून मला जे कळते ते असे: जग मनुष्याच्या सुखसोयीभोवती रचलेले नाही, आणि ज्या जीवांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, ज्यांची आपल्याला किळस येते, त्यांच्याशीही त्यांच्या निर्माणकर्त्याचा संबंध आहे. ईयोबाने विचारले होते, माझ्यावर हे का आले? याचे उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळत नाही. जे मिळते ते उत्तर देणाऱ्याचे दर्शन, आणि ईयोबाला ते पुरते. आपल्याला ते पुरेल की नाही, हे मी कोणाच्या वतीने सांगू शकत नाही. ज्याचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले आहे त्याच्यासमोर ईयोबाचा एकोणचाळिसावा अध्याय वाचून दाखवणे हे पुन्हा बिल्ददाचेच काम होईल.

पण एवढ्यावर थांबणे अपुरे आहे, कारण शास्त्र स्वतः थांबत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हत आहे आणि वेदना भोगत आहे, असे तोच पौल लिहितो, ज्याने पहिल्या अध्यायात तिच्यातून देवाचे सामर्थ्य स्पष्ट दिसते असे लिहिले होते. यशयाच्या अकराव्या अध्यायात सिंह बैलाप्रमाणे कडबा खाणार आहे. म्हणजे सिंहाची शिकार देवाच्या हातून आहे आणि तरीही ती शेवटची स्थिती नाही. ही दोन विधाने एकमेकांत विरघळवून टाकण्याची युक्ती मला सापडलेली नाही, आणि ज्यांना सापडली आहे असे वाटते त्यांच्या लिखाणात बहुधा एक विधान गुपचूप गळालेले असते.

---

सूक्ष्मदर्शी

राखेत बसलेला यांच्या प्रतिसादाला एक पुस्ती जोडते. जॉन पोल्किंगहॉर्न हे केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे अँग्लिकन मंडळीत त्यांना दीक्षा मिळाली. ज्या जनुकीय बदलांमुळे नवनवे जीव उत्पन्न होतात त्याच बदलांमुळे कर्करोगही होतो. एक ठेवून दुसरे काढून टाकता येत नाही, कारण ती एकच प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. देवाने सृष्टीला स्वतःला घडवण्याची मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीची किंमत आहे. भूकंपालाही हे लागू पडते: भूपट्ट सरकतात म्हणून भूकंप होतात, आणि तेच भूपट्ट पर्वत उभारतात व कार्बनचे चक्र चालू ठेवून पृथ्वीचे हवामान दीर्घकाळ जगण्याजोगे ठेवण्यास हातभार लावतात. याने दुःखाचे समर्थन होते असे मी म्हणत नाही. पण सुंदर पान आणि भयंकर पान वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेली नाहीत, एवढे तरी विज्ञानाकडून कळते.

---

मोहरीचा दाणा

देवदार यांना उत्तर देणे राहिले होते. १९३४ साली बार्थ यांनी जे केले ते करणे भागच होते, याबद्दल दुमत नाही. मात्र वंश व राष्ट्र ही मनुष्यांनी घडवलेली दैवते होती; पौल ज्याविषयी बोलतो ती निर्मिती त्यांच्या आधीची आहे. शिवाय कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे व ख्रिस्तासाठी निर्माण झाले आणि त्याच्याच ठायी टिकून आहे, तर क्रुसावरचा देव आणि गरुडाच्या पिल्लांचा देव असे दोन देव मानता येणार नाहीत. क्रूस निसर्गावरून सुचणार नाही, हे देवदार यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण क्रुसाकडून निसर्गाकडे परत येण्याची वाट बंद आहे, हे मात्र मान्य नाही.

प्रभूने स्वतः ती वाट वापरली आहे, आणि ती कोणाबरोबर वापरली हे पाहण्यासारखे आहे. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याने सांगितले ते प्रामुख्याने शिष्यांना, आणि त्या पाखरांना खाऊ घालणाऱ्याला त्याने तुमचा स्वर्गीय पिता म्हटले. देव आहे की नाही हे पाखरांवरून सिद्ध करण्याचा तो प्रसंगच नव्हता. पुढे दहाव्या अध्यायात, छळ होणार हे ठाऊक असलेल्या बारा जणांना पाठवताना, तो पुन्हा पाखरांचेच उदाहरण देतो. या वेळी चिमणी खाली पडते. ती पडणार नाही, असे तो म्हणत नाही. पित्यावाचून पडणार नाही, असे म्हणतो. शोधयात्री यांच्या दुसऱ्या प्रश्नावर शुभवर्तमानात याहून थेट वचन असेल, तर ते मला ठाऊक नाही.